आंब्याच्या खोडातलं भिरूड: झाड तोडायचं का, फवारणी करायची का, आणि हा भुंगा येतो तरी कुठून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की देवगड तालुक्यात वडिलोपार्जित हापूसची बाग आहे, झाडं चाळीस ते साठ वर्षांची, कडेला थोडी काजू, बाग बरीच वर्षं कराराने दिलेली होती आणि आता तुम्ही स्वतः लक्ष घालायचं ठरवलंय. पहिल्याच फेरीत काही झाडांच्या बुंध्याशी भुसा पडलेला दिसला, दोन झाडांच्या मोठ्या फांद्या वाळल्यात. गावातले म्हणतात भिरूड (खोड पोखरणारी भुंग्याची अळी) लागलंय, तोडून टाका नाहीतर सगळी बाग जाईल, आणि औषधाच्या दुकानात सांगितलं की पूर्ण झाडावर जोरदार फवारणी घ्या. यातलं खरं काय, हे विचारलंय तुम्ही.

तोडू नका, निदान आत्ता लगेच तरी नाही. आणि फवारणीचं म्हणाल तर अळी बसलीय खोडाच्या आत, लाकडात, पानांवर मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही, पैसे जातात आणि मोहोर असेल तर परागीकरण करणाऱ्या माश्या, मधमाश्या तेवढ्या मरतात. मी कोकणातल्या फळबागांमध्ये कीड-रोगाचंच काम करतो आणि भिरुडाच्या बाबतीत सगळ्यात जास्त पैसे वाया जाताना बघतो ते या दोन गोष्टींवर, घाईने तोडणं आणि आंधळेपणाने फवारणं.

आधी भुसा नीट बघा. हातात घ्या, चोळून बघा. भिरुडाचा भुसा जाडाभरडा असतो, त्यात लाकडाचे लांबट धागे दिसतात, ताजा असला तर ओलसर, पिवळट-तांबूस, कधी झाडाचा रस मिसळून त्याचे गोळे झालेले. जुना भुसा कोरडा, राखाडी, पावसाने बसलेला. सालीवर रेशमासारख्या जाळीत गुंफलेले भुशाचे वाकडेतिकडे पट्टे दिसले, बेचक्याजवळ जास्त, तर ती साल खाणारी अळी, तो पतंग आहे, भुंगा नाही, आणि ती लाकूड फारसं खात नाही, रात्री बाहेर येऊन साल कुरतडते. मातीचे थर चढलेले दिसले तर वाळवी. आणि टाचणीच्या टोकाएवढी बारीक भोकं आणि मैद्यासारखी पावडर असेल तर ते छोटे भुंगेरे, ते बहुतेक आधीच मरायला टेकलेल्या फांदीवर येतात. या चारही गोष्टींना लोक सरसकट भिरूड म्हणतात आणि मग एकाचं औषध दुसऱ्याला लावतात.

भुसा भिरुडाचाच आहे असं वाटलं तर तो सगळा झाडून काढा, भोकाशेजारी खडूने किंवा ऑइलपेंटने खूण करा आणि तीन-चार दिवसांनी परत या. ताजा भुसा आला असेल तर अळी जिवंत आहे. नसेल आला तर बहुतेक भुंगा होऊन कधीच उडून गेलाय आणि तुम्ही रिकाम्या घरात औषध ओतणार होतात. बाहेर पडल्याचं भोक ओळखायला सोपं असतं, स्वच्छ गोल, आपला अंगठा जाईल एवढं, कडा कातीव.

आता हा किडा कोण ते सांगतो, कारण त्याचं वर्ष कसं जातं हे कळलं की उपाय आपोआप कळतात. शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा, लांब मिशांच्या भुंग्यांच्या कुळातला. भुंगा चांगला दीड-दोन इंच लांब, राखाडी-तपकिरी, मानेच्या ढालीवर दोन नारिंगी-लाल ठिपके आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा, मिशा अंगापेक्षा लांब. हातात धरला तर मान खालीवर करून चूंचूं असा आवाज काढतो, काहीजण घाबरून सोडून देतात पण तो विषारी वगैरे काही नाही, फक्त जबडा मजबूत आहे तेवढं बोट सांभाळा. पहिल्या पावसाच्या आसपास हे भुंगे बाहेर पडायला लागतात आणि ऑगस्टपर्यंत दिसत राहतात, रात्रीचे फिरतात, दिव्याकडे येतात. मांगराच्या (बागेतल्या शेतघराच्या) भिंतीवर पावसाळ्यात बल्बखाली असा भुंगा बसलेला दिसला तर समजा बागेत कुठेतरी भोक पडलंय.

बाहेर पडल्या पडल्या मादी अंडी घालत नाही. आधी तिला खायला लागतं, वड-उंबराच्या जातीची झाडं, आंबा अशांच्या कोवळ्या डहाळ्यांची हिरवी साल ती कुरतडते आणि त्यावर अंडी पिकतात. मग खोडावर किंवा जाड फांदीवर जबड्याने सालीत चीर पाडते आणि एका चिरेत एक अंडं ठेवते. एक मादी आयुष्यात शंभर-दोनशे अंडी घालू शकते. आठवड्या-दीड आठवड्यात अळी निघते आणि पहिले काही आठवडे सालीच्या खालीच खात फिरते. झाडाने पानात तयार केलेली साखर मुळांकडे जाते ती याच सालीखालच्या थरातून, आणि खोडाला जाडी आणणारा जिवंत थरही तिथेच, म्हणजे झाडाला सगळ्यात महाग पडतं ते हे सुरुवातीचं खाणं. नंतर अळी लाकडात शिरते, वेडेवाकडे बोगदे करते, आणि लोकांना वाटतं की खरं नुकसान हेच. पोकळ झालेलं खोडसुद्धा वर्षानुवर्षं आंबे देतं, पण सालीखाली चारी बाजूंनी वेढा पूर्ण झाला तर धट्टंकट्टं दिसणारं झाड एका हंगामात वाळतं.

पूर्ण वाढलेली अळी पांढरट-पिवळी, बिनपायाची, डोकं तपकिरी, लांबी तीन-चार इंच आणि जाडी आपल्या बोटाएवढी. रात्री बाग शांत असताना खोडाला कान लावला तर कधीकधी करकर ऐकू येते. तिला एवढी वाढायला बरेच महिने, साधारण वर्षभर लागतं, त्याचं कारण तिचं अन्नच निकस आहे, लाकडात नायट्रोजन अगदी नगण्य, म्हणून पोटभर मिळवायला ती भारंभार लाकूड पोखरते आणि त्यातलं बरंचसं न पचता भुसा होऊन बाहेर ढकलते. आपल्याला दिसतो तो भुसा तोच. शेवटी ती लाकडातच कोष करते आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर भुंगा बाहेर. वर्षाला एक पिढी. ही आपल्या फायद्याची गोष्ट आहे, तुडतुड्यासारखी दर काही आठवड्यांनी नवी पिढी येत नाही, वर्षातून दोनदा नीट लक्ष दिलं तरी आकडा खाली येतो.

आता तुमच्या गावकऱ्यांचं ते सगळी बाग जाईल. याला अर्ध खरं म्हणेन. भिरूड हवेतून पसरणाऱ्या रोगासारखं एका झाडाचं शेजारच्याला लागत नाही. पण ज्या कारणाने ते एका झाडाला लागलं तेच कारण सगळ्या बागेत असेल तर मात्र जाईल. लाकूड खाणारे बहुतेक भुंगे मुळात मेलेल्या आणि मरू घातलेल्या लाकडावरचे. जंगलात पडलेलं ओंडकं, वीज पडून अर्ध जळलेलं झाड, वाऱ्याने मोडलेली फांदी, हे सगळं परत माती करायचं तर बुरशी एकटी पुरत नाही, आधी कुणीतरी भोकं पाडून हवा-पाणी आत न्यावं लागतं, आणि ते काम हे भुंगे करतात. सुतार पक्षी जगतात ते या अळ्यांवर, आणि सुताराने सोडलेल्या ढोलीत मग मैना, पोपट, पिंगळे राहतात. सह्याद्रीच्या जंगलातून हे भुंगे काढून टाकले तर जंगल सुदृढ होणार नाही, मेलेल्या लाकडाखाली दबेल.

तोच भुंगा जिवंत झाडावर कधी येतो हे समजायला साल नावाच्या वृक्षाच्या जंगलाचं उदाहरण सगळ्यात चांगलं. मध्य प्रदेश, छत्तीसगडच्या सालवनांत एक भुंगा आहे, होप्लोसेरॅम्बिक्स स्पिनिकॉर्निस, सगळे त्याला साल बोररच म्हणतात. एरवी तो पडलेल्या आणि आजारी सालांवरच असतो. धडधाकट सालात बारकी अळी शिरली की झाड राळ सोडतं आणि अळी त्यात बुडून मरते. पण पाऊस-वारं, जुनाट दाट जंगल, न उचललेलं लाकूड असं सगळं जुळून भुंग्यांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की एकाच झाडावर इतक्या अळ्या तुटून पडतात की राळ पुरत नाही, आणि मग निरोगी झाडंही पडायला लागतात. १९२३ ते १९२८ या काळात तिथे मोठी साथ आली होती आणि पुन्हा १९९० च्या दशकाच्या शेवटी मंडला, दिंडोरी, अमरकंटकच्या बाजूला लाखो साल झाडं त्यात गेली. वनखात्याची त्यावरची जुनी पद्धतही बघण्यासारखी आहे, पावसाळ्याच्या सुरुवातीला काही सालवृक्ष पाडायचे, तुकडे करून त्यांची वरची साल ठेचायची, त्या रसाच्या वासाला लांबून भुंगे येतात, रस पिऊन सुस्त पडतात आणि गावातले लोक ते गोळा करून मारतात, मोजणीवर मजुरी मिळते.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. तिथे ॲश नावाच्या झाडांवर एक झळझळीत हिरवा छोटा भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइटच्या आसपास सापडला, पूर्व आशियातून आलेला, बहुधा लाकडी पॅकिंगमधून. त्याच्या मूळ मुलुखात तो फार काही बिघडवत नाही कारण तिथल्या ॲशला त्याच्याशी झुंजायची सवय आहे, अमेरिकेतल्या ॲशला नव्हती, आणि आजवर कोट्यवधी झाडं मेलीत. शहरंच्या शहरं रस्त्याकडेची झाडं तोडतायत, आणि तोडायचा, नवीन लावायचा खर्च नगरपालिकांच्या डोक्यावर. आपलं बॅटोसेरासुद्धा असंच इस्रायलला पोचलं आणि तिथे अंजिराच्या झाडांचं शत्रू झालं. परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी पेट्या-पॅलेटवर शिक्का लागतो, लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलंय असा, तो नियम अशा लाकडातून देशोदेशी पसरणाऱ्या किडींमुळे आला. आंबा एक्स्पोर्ट करायचा विचार असेल आणि लाकडी पॅकिंग वापरणार असाल तर हा शिक्का लक्षात ठेवा.

हे सगळं सांगायचं कारण, तुमच्या बागेत प्रश्न भुंगा आला कुठून हा नाहीये, तो तिथेच होता, फणसावर, काटेसावरीवर, उंबरावर, रानात. प्रश्न हा आहे की तुमची झाडं त्याला आत का येऊ देतायत. त्याची उत्तरं मला कोकणात बहुतेक वेळा तीच दिसतात.

पहिलं म्हणजे करार. बाग कराराने दिली की घेणारा माणूस मोहोर आणि फळ बघतो, त्याने पैसे फळासाठी दिलेत, त्याची चूक म्हणता येत नाही. तो फवारणी वेळेवर करतो, कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) घालतो, राखण करतो. पण बुंध्याशी खाली बसून खोड बघणं हे त्याच्या हिशोबात कुठेच नाही, आणि मालक मुंबईला. वर्षानुवर्षं त्या खोडाकडे कुणीच बघत नाही. माझ्या मते कोकणातल्या भिरुडाचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, भुंग्याच्या जातीपेक्षा किंवा हवामानापेक्षा. करार करणारच असाल तर कागदात एक ओळ घालून घ्या की गणपतीनंतर आणि फळ उतरल्यावर खोडांची तपासणी आणि भिरूड काढणं कुणी करायचं आणि पैसे कुणाचे.

दुसरं, कल्टार. म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल. मी त्याच्या विरोधात नाही, हापूसची एक वर्षाआड धरायची सवय त्यामुळे बरीच सुधारते. पण ते घालायचं तर झाडाला खत, सेंद्रिय खत, विसावा हे सगळं बरोबर द्यावं लागतं. दरवर्षी ओढून फळ घ्यायचं आणि खाली टोपलीभर शेणखतसुद्धा नाही, अशा झाडांची पालवी बारीक होते, साल फाटते, आणि अशाच झाडांवर मला भुसा जास्त दिसतो. हे माझं बागांमधलं निरीक्षण आहे.

तिसरं, जखमा. कोयत्याने तोडलेल्या फांद्यांचे खुंट तसेच, बांडगूळ काढताना सोललेली साल, गुरं बांधून घासलेला बुंधा, पालापाचोळा पेटवून भाजलेली एक बाजू. मादीला चीर पाडायला आयती जागा. आणि इथे तुमच्यासाठी एक खास धोक्याची सूचना: झाडं चाळीस-साठ वर्षांची आहेत म्हटल्यावर कुणीतरी तुम्हाला पुनरुज्जीवन सुचवणार, म्हणजे उंच झाडं वरून छाटून खाली आणायची. कल्पना चांगली आहे, उजेड खेळतो, फवारणी-काढणी सोपी होते. पण एवढी मोठी छाटणी झाली की झाड हादरतं, सावलीत राहिलेलं खोड अचानक उन्हात भाजतं, आणि पुढचे दोन पावसाळे भिरूड तुटून पडतं. छाटलेल्या तोंडांना त्याच दिवशी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप, कृती पुढे दिलीय), उघड्या पडलेल्या खोडाला चुन्याचा हात, आणि दोन वर्षं न चुकता तपासणी, हे जमणार नसेल तर पुनरुज्जीवन करू नका. सगळी बाग एकदम तर मुळीच नको, टप्प्याने करा.

आता काढायचं कसं. जिवंत भोक सापडलं की पटाशी आणि हातोडीने तोंडाजवळची मेलेली, काळी पडलेली साल काढा, जिवंत ओली साल लागेपर्यंतच, उगाच मोठी जखम करू नका. सालीखालच्या बोगद्याचा माग काढत गेलात की लहान अळी बऱ्याचदा तिथेच हाताला लागते, पावसाळा संपता संपता काम केलं तर हमखास, म्हणून मी गणपतीनंतरची फेरी सगळ्यात महत्त्वाची मानतो. अळी लाकडात शिरली असेल तर सायकलचा आरा घ्या, टोकाला बारीक आकडा वळवा, भोकात हळूहळू सरकवत फिरवा. अळीला टोक लागलं की कळतं, मऊ लागतं आणि आकड्याला पांढरट चिकट रस येतो. ओढून बाहेर आली तर उत्तमच, आतच फाटली तरी काम झालं. हे काम जमायला सराव लागतो, गावात एखादा जाणता गडी असतोच ज्याचा हात यात बसलेला असतो, त्याला बोलवा, त्याची दिवसाची मजुरी औषधाच्या एका बाटलीपेक्षा जास्त उपयोगाची.

अळी खोल गेली आणि हाताला लागली नाही तरच औषध. भोक साफ करून पिचकारीने किंवा सिरिंजने कीटकनाशकाचं द्रावण आत सोडायचं, किंवा त्यात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारायचा, आणि ओल्या चिकणमातीने तोंड घट्ट लिंपायचं. औषध कोणतं ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची चालू शिफारस बघून घ्या, कारण जुन्या पुस्तकांत आणि फिरणाऱ्या मेसेजमध्ये अजून डायक्लोरव्हॉसच लिहिलेलं असतं आणि त्याच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. दुसरं, धान्यात ठेवायच्या सेल्फॉससारख्या गोळ्यांचा तुकडा भोकात टाकायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ते करू नका. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात, ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो, त्याच्यावर उतारा नाही, आणि सामान्य माणसाने ते हाताळायची परवानगीच नाहीये. झाड दुसरं लावता येईल.

रॉकेल, पेट्रोल ओतायची पण पद्धत आहे. थोडंसं बोळ्याला लावून अळी मरते हे खरं, पण लोक भसाभस ओततात आणि जिवंत साल जाळतात, अळीने जेवढी खाल्ली नसती तेवढी. मी टाळतो.

शेवटी जखमेला बोर्डो पेस्ट, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत, धातूची नको, आणि मग एकत्र. तयार झाल्यावर स्वच्छ लोखंडी पातं बुडवून बघा, तांबूस पुटं चढलं तर चुना कमी पडलाय, अजून घाला. बुंध्यापासून तीन-चार फुटांपर्यंत सगळ्या झाडांना पावसाळ्याआधी एक हात द्यायला हरकत नाही. पेस्टने अळी मरत नाही हे लक्षात असू द्या, ती जखम सडू नये म्हणून आहे.

वाळलेल्या त्या दोन फांद्या मात्र काढायच्या, आणि कधी हे महत्त्वाचं, पावसाआधी, मे महिना उलटायच्या आत. कारण आतला कोष पहिल्या पावसाच्या सुमाराला भुंगा होऊन बाहेर येणार. फांदी तोडून बांधावर रचून ठेवली तर तुम्ही फक्त त्याची जागा बदललीत, तो तिथूनही बाहेर पडतो. चिरून, फोडून जाळा, अळ्या दिसतील त्या मारा. लाकूडवाल्याला दिलं तर ते आठवड्यात गावाबाहेर गेलं पाहिजे. पण याचा अर्थ बागेच्या कडेचं, रानातलं प्रत्येक वाळलेलं लाकूड साफ करा असा नाही, आणि उंबर तोडा असा तर अजिबात नाही. मला असा सल्ला देणारे भेटतात, की भुंगे उंबराची साल खातात म्हणून उंबर काढा. अरे, उंबरावर अनेक जातींचे पक्षी येतात, त्यातले कितीतरी तुमच्याच बागेतल्या किडी खातात, आणि भुंग्याला उंबर नाही मिळाला तर तो आंब्याचीच डहाळी खाणार आहे.

पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन फेरी मारायची सवय लागली तर भुंगे हाताने पकडता येतात, पोरं हौसेने येतात. अंडी घालायच्या आधी पकडलेली एक मादी म्हणजे शंभरेक अंडी टळली.

तुमच्या काजूकडे आता. काजूवर येतो तो वेगळा, निओप्लोसेडेरस फेरुजिनियस, तांबूस-तपकिरी भुंगा, आपल्याकडे त्याला रोठा म्हणतात, आणि मला विचाराल तर तो भिरुडापेक्षा वाईट. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला, आणि भुंगा इथलाच. आंबा निदान जखमा भरून काढत वर्षानुवर्षं तग धरतो, काजूचं झाड रोठ्याने दोनेक वर्षांत बसतं. मादी अंडी घालते बुंध्याशी, जमिनीपासून हातभर-तीन फुटांपर्यंत सालीच्या भेगांत आणि उघड्या मुळांवर. अळ्या एकट्या नसतात, एका बुंध्यात बऱ्याच सापडतात, आणि सालीखालीच जास्त खातात. लक्षणं म्हणजे बुंध्याशी डिंक आणि भुसा एकत्र, मग पानं पिवळी, मग शेंडे वाळणं. कोष केलेल्या अळीभोवती चुन्यासारखं टणक कवच असतं, अंड्याच्या टरफलासारखं फुटतं, ते मुळांजवळ उकरताना सापडलं तर ओळखा.

काजूत नियम कडक आहे. पानं पिवळी पडली असतील किंवा बुंध्याचा अर्ध्याहून जास्त घेर खाल्लेला असेल तर ते झाड सोडून द्या, औषधाने वाचत नाही. मुळासकट काढा आणि जाळा, कारण तेच झाड पुढे आजूबाजूच्या पाच-दहा झाडांना पुरेल एवढे भुंगे देतं. इथे तोडण्याचा सल्ला मी स्वतःच देतोय. वाचण्यासारख्या झाडांच्या अळ्या पटाशीने काढा, बुंध्याला डांबर आणि रॉकेल १:२ असं मिसळून किंवा निंबोळी तेलाचं ५ टक्के द्रावण लावा, मुळं उघडी असतील तर मातीची भर द्या. मेटारायझियम नावाची कीड मारणारी बुरशी मिळते, ती निंबोळी पेंडीत किंवा शेणखतात मिसळून बुंध्याभोवती घालायची, ओल असताना चांगलं काम करते. उन्हाळ्याचे महिने रोठ्यासाठी जागरूक राहायचे, महिन्यातून एकदा बुंधे बघा.

आता नुकसान किती धरायचं. बहुतेक लोक यंदा किती पेट्या कमी आल्या एवढंच बघतात, तसं बघितलं तर भिरुडाचं नुकसान फार दिसतच नाही आणि म्हणून दुर्लक्ष होतं. खोड हे तुमचं मुद्दल आहे, आंबा व्याज. जुन्या पद्धतीने १० मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी १०० झाडं, म्हणजे एक झाड गेलं तर हेक्टरचा १ टक्का गेला, पण तो एका वर्षासाठी नाही. जागेवर नवीन कलम लावलं तर फळ धरायला पाच-सहा वर्षं, जुन्या झाडाएवढं उत्पन्न यायला पंधराएक वर्षं, शिवाय दोन्ही बाजूंच्या जुन्या झाडांच्या सावलीत ते कलम नीट वाढतही नाही. समजा एक झाड सरासरी वर्षाला तीन पेट्या देत होतं, तर पंधरा वर्षांत, नवीन कलमाचं जे थोडंफार येईल ते वजा जाता, तीसेक पेट्या गेल्या. त्याच्यासमोर गड्याची वर्षातली दोन दिवसांची मजुरी ठेवा. लाकडाचंही तेच, पोखरलेल्या बुंध्याला फळीवाला विचारत नाही, जळाऊ भावाने जातं.

आणि विम्यावर विसंबू नका. आपल्याकडचा फळपीक विमा हवामानावर चालतो, अवकाळी पाऊस, तापमान, अशा ट्रिगरवर. खोडकिड्याने झाड मेलं तर त्यात काही मिळत नाही.

एक सांगून ठेवतो, कारण देशावरचे नातेवाईक हेच उपाय विचारतील. सांगोला-आटपाडीकडे डाळिंबाच्या बागा ज्या पिनहोल बोररने गेल्या तो प्रकार पूर्ण वेगळा. तो दोन-तीन मिलिमीटरचा भुंगेरा लाकूड खातच नाही, बोगद्यात स्वतःबरोबर आणलेली बुरशी वाढवतो आणि ती खातो, आणि त्याच्याबरोबर मर रोगाची भानगड जोडलेली असते. तिथे तारेचा आकडा काही कामाचा नाही, त्यांनी सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

तुमच्यासाठी आत्ताचं काम एवढंच, खूण करून झाडं मोजा, जिवंत भोकं किती आणि रिकामी किती हे वहीत झाडाच्या नंबरसकट लिहा, आणि त्या दोन वाळलेल्या फांद्या कुठल्या महिन्यात काढताय ते ठरवा. जिवंत अळी मिळाली तर छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाकून, भुशाचा चिमूटभर नमुना आणि खोडाचे फोटो घेऊन देवगड तालुक्यातच रामेश्वरला आंबा संशोधन उपकेंद्र आहे तिथे दाखवा, काजूसाठी वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र. नुसता फोटो पाठवलात तर भोक रिकामं आहे की भरलेलं हे त्यांनाही सांगता येणार नाही, म्हणून तीन-चार दिवस थांबून परत भुसा आला का ते बघूनच जा.